आत्याच्या वरची ओळ

मला कुणाचं पटकन खरं वाटत नाही. भाजीवाल्यानं तराजू उचलला की माझी नजर आधी त्याच्या करंगळीवर जाते. त्यामुळे बारामती एमआयडीसीतल्या दूध प्रकल्पात संगणकावरच्या नोंदी सांभाळायचं काम मला मिळालं, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही.

माझी आत्या इंदापूरकडच्या एका गावात एकटी राहते. दोन म्हशी तिच्या, आणि त्यांचं दूध ती गावच्या संकलन केंद्रावर घालते. केंद्राच्या नोंदी आमच्याकडे येतात. एके सकाळी सचिवानं तिला चारचौघांत सांगितलं, "आक्का, दुधात पानी निघतंय. पुन्यांदा निघालं तर दूध घेनार न्हाय."

खरं सांगते, पहिला संशय मला आत्याचाच आला. फोन करून सरळ विचारलं. ती म्हणाली, "म्हशीची शपथ, न्हाय घातलं," आणि फोन ठेवून दिला. मला माझाच राग आला. मग जेवणाच्या सुट्टीत तिच्या नोंदी काढून बसले.

सभासद नंबर टाकला की संगणक तेवढ्याच ओळी देतो. मधूनमधून फॅट घसरलेली, पाणी दाखवलेलं. नुसत्या तिच्या ओळी बघून काही कळेना, म्हणून प्रत्येकीच्या वरची आणि खालची ओळ मागितली. ओळी लागल्या सभासद नंबरानं. नंबर गल्लीच्या क्रमानं दिलेले, त्यामुळे आत्याच्या अल्याडपल्याड तिचे दोन्ही दीर. झालं, भावकी. जागेच्या वादातून कुणी तिच्या कॅनमध्ये तांब्या रिकामा केला असणार, असं सगळं नाटक मी मनात उभं केलं. मग दिसलं की दोघंही दूध संध्याकाळी घालतात आणि आत्या सकाळी. त्यांचा संबंधच नव्हता.

मग ओळी वेळेनुसार लावल्या. आत्याच्या आधी कोण, नंतर कोण. पाणी निघालेल्या दिवशी तिच्या वरच्या ओळीत सभासद नंबरच नव्हता आणि फॅट जवळपास शून्य. दूध तपासायचं मशीन अधूनमधून पाण्यानं धुतात, त्या पाण्याचीही नोंद पडते. नळीत थोडं पाणी राहतं, म्हणून धुतल्यावर आधी थोडं दूध फिरवून टाकून द्यायचं असतं. तेवढा दम कुणाला असतो? पुढच्या माणसाच्या दुधाला ते पाणी लागतं. हे एखाद्या दिवशी झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण मागं जात राहिले तरी धुण्याच्या ओळीखाली आत्याच होती. योगायोग इतका नेमानं येत नाही.

सुट्टीच्या दिवशी पहाटेची एसटी धरून केंद्रावर गेले आणि बाजूला उभी राहिले. आत्या रांगेत शेवटी होती. मशीन धुऊन झालं. सगळ्यात पुढच्या माणसानं आपला कॅन मागं ओढला. "आक्का, तुमी व्हा पुढं. बाईमानसानं कशाला ताटकळायचं?" बाकीचेही सरकले. आत्यानं पदर सारखा केला आणि हसत पुढं गेली.

मशीननं पाणी दाखवलं. मी पुढं होऊन सचिवाला त्याच कॅनमधलं दूध पुन्हा तपासायला लावलं. या वेळी पाणी नव्हतं, फॅट चांगली लागली. सचिव गोंधळला. रांगेतला एक म्हातारा सहज म्हणाला, "धुतल्यावर पयलं कुनी घालत न्हाय. समद्यास्नी ठाव हाय." बाकीचे रस्त्याकडं बघू लागले.

सचिवानं सगळ्यांसमोर चूक मान्य केली आणि आत्याचं दूध चालू राहिलं. मी खुशीत होते. रिकामा कॅन घेऊन आम्ही घराकडं निघालो, तर ती मान खाली घालून भराभर चालत होती. मी म्हटलं, "आता तरी हस की. नाव साफ झालं तुझं."

"मला वाटायचं, मान देत्यात," ती म्हणाली. "तवा तवा घरी येऊन म्हशीला सांगायची, आजबी मला पुढं घातलं म्हनून."

दारापाशी तिनं कॅन खाली ठेवला.

"लोकं पानी घातलं म्हनत हुती, तवा निदान ते खोटं हाय, हे मला ठाव हुतं."