कांद्याच्या वाफ्यातली कोडी

बनुबाईंना कोडी सुचतात कशी, हे त्यांच्या नवऱ्यालाही नेमकं सांगता येत नाही. मच्छिंद्र म्हणतो, "भाकरी थापता थापता मधीच थांबती आन् एकटीच हसती. मंग वळखायचं, आलं काहीतरी."

कर्जतजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या बनुबाईंनी शाळा पाहिली नाही. लहानपणी शेळ्यांमागं हिंडताना वेळ जात नसे, म्हणून दिसेल त्याचं कोडं करायची सवय लागली, ती कायमची. आता त्या कांदा लावणाऱ्या बायकांच्या टोळीत जातात. वाफ्यात रोपं लावताना त्या एखादं कोडं घालतात आणि ते सुटेपर्यंत कंबर दुखतेय हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

गेल्या हंगामात शेजारची नवी सून निकिता टोळीत आली. माहेर केडगावचं, शिक्षण बी.कॉम., बोलणं कमी. बायका कोड्यात अडकल्या की ती हळूच मोबाईलला विचारायची आणि तो लगेच उत्तर द्यायचा.

"समदी मजाच घालवली हिनं," टोळीतली सत्यशीला वैतागली.

बनुबाई मात्र हातातली रोपं खाली ठेवून मोबाईल बघायला आल्या. "ह्याला जुनी ठाऊक असतील. मी आजच केलंय, ते इचार बरं."

काळी नागीन रानात निजली,
चावली न्हाई, पर माती भिजली.

उत्तर बायकांच्या डोळ्यांसमोरच पसरलं होतं : ठिबकची काळी नळी. निकितानं कोडं मोबाईलला ऐकवलं. तो म्हणाला, "रात्र. ती काळी असते, शेतावर पसरते आणि दवानं माती भिजते."

"चुकलं, चुकलं!" बायकांनी गलका केला.

बनुबाई हसल्या नाहीत. "चुकलं कसं? बसतंय की. माझ्या नळीपरीस त्याची रात लई झ्याक हाय." मग त्यांनी निकिताकडे पाहिलं. "पर ह्यानं दव कुठं बघितलं गं?"

"बघितलं नाही, मावशी. माणसांनी लिहिलेलं वाचून वाचून ते शिकतं."

"म्हंजी पहाटं कुनाचे तरी पाय भिजले, त्यानं लिवलं, आन् ते ह्याच्यापत्तूर आलं?"

"तसंच काहीतरी."

बनुबाई बराच वेळ रोपं लावत राहिल्या. मग वाफ्यातूनच ओरडल्या, "आन् आपल्या वाफ्यातलं कुनी लिवलंय का?"



त्या दिवसापासून बनुबाईंना नादच लागला. जेवणाच्या सुट्टीत त्या निकिताला मोबाईलला काहीबाही विचारायला लावायच्या. शेळी रुसली की कशी ओरडती? कांद्याच्या रोपाला वास कसला? त्यालाच एक कोडं घालायला सांग. त्यानं घातलेलं कोडं नीट यमकाचं होतं, उत्तर होतं घड्याळ. सत्यशीलानं ते अर्ध्यातच सोडवलं.

"आता तू घाल," बनुबाई निकिताला म्हणाल्या.

"मला नाही जमत असलं."

"बघ तरी. जमलं न्हाई तर कुनी मारतंय व्हय?"

निकितानं काही दिवस टाळलं. मग एका दुपारी, मान खाली घालूनच ती म्हणाली :

तोंड फुडं, चाल मागं,
काळ्या लुगड्याला हिरवं धागं.

कुणी सुई म्हणालं, कुणी खेकडा. सत्यशीला म्हणाली, "मोबाईलला इचार."

"ठेव तो खाली," बनुबाई म्हणाल्या. "आदी मला शोदू दे."

संध्याकाळपर्यंत त्यांना ते सुटलं नाही. मच्छिंद्रनं दोनदा हाक मारली तरी जेवताना त्यांचं लक्ष नव्हतं. सकाळी रानात आल्या, तेव्हाही तीच दोन ओळींची पुटपुट चालू होती. रोपं लावत मागं सरकताना त्यांची टाच वाफ्याच्या बांधाला लागली. वाफा संपला होता. त्यांनी मान वर केली. समोर काळ्या मातीत हिरव्या रोपांच्या ओळी उभ्या होत्या आणि शेजारच्या वाफ्यांमधून बाकीच्या बायका, तोंडं त्या हिरव्याकडं करून, मागं मागं सरकत होत्या.

बनुबाई तशाच चिखलाच्या हातांनी निकिताकडं गेल्या आणि तिच्या कानाशी वाकल्या. "आगं, ह्या तर आपुनच की!"

निकितानं मान डोलावली. तिला हसू आवरेना.

"काय झालं? सुटलं का?" सत्यशीलानं लांबून विचारलं. "आमाला बी सांगा की!"

"न्हाई सांगत," बनुबाई म्हणाल्या. "लाव रोपं आन् शोद तूच."