धरणगावच्या शेतात राहिलेला सैनिक

पोकलेनच्या बकेटला काहीतरी कठीण लागलं आणि ऑपरेटरने मशीन बंद केलं. धरणगावजवळ बायपासचं काम चालू होतं. मी साइट इंजिनिअर. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर रस्ता टिकत नाही. म्हणून ती उकरून मुरूम भरायचा, एवढंच काम होतं.

खड्ड्यात वाकलेला पत्रा आणि इंजिनाचं धूड होतं.

ज्यांची जमीन रस्त्यात गेली, ते नाना बांधावरून खाली आले. "इमान शे ते, साहेब. लढाईना टाइमले रातले पडनं."

महायुद्धात एक परदेशी बॉम्बर विमान रात्रीच्या मोहिमेवर निघालं आणि इथे कोसळलं, असं गावात सांगतात.

"आत बॉम्ब असतील?"

"ते माले काय माहीत? पन मना बाप सांगे, लष्करवाला बठ्ठास्ले लई ग्यात, एक आठेच ऱ्हायना."

लष्कराने सगळ्यांचे मृतदेह नेले, एक इथेच राहिला.

मी मॅनेजरना फोन केला. "भंगार बाजूला काढा, भराव सुरू करा," ते म्हणाले.

"सर, ऑपरेटर मशीनवर बसायला तयार नाही."

"मग पोलिसांना कळवा. पण लवकर उरका."

बॉम्बशोधक पथक आलं. बॉम्ब नव्हते. मशीनगनच्या गोळ्या निघाल्या, त्या ते घेऊन गेले. मॅनेजर साइटवर आले होते. मी नानांचं बोलणं सांगितलं.

"गावगप्पा आहेत."

"असतील, सर. पण मुरूम पडला की पुन्हा उकरता येणार नाही. आजचा दिवस हाताने खणू द्या."

ते चिडले, पण नाही म्हणाले नाहीत.

मजुरांनी फावड्याने माती ओढली. इंजिनाखाली एक बूट निघाला. आत पायाची हाडं होती. मॅनेजरांनी हेल्मेट काढलं. नाना "माय वं!" म्हणत मातीतच बसले.

अवशेष पोलिसांमार्फत त्या देशाच्या दूतावासाकडे गेले. डीएनए जुळायला बराच काळ लागला. तो विमानातला गनर, म्हणजे मशीनगन चालवणारा, होता. त्याची म्हातारी पुतणी जागा बघायला आली तेव्हा रस्त्यावरून ट्रक धावत होते. कडेला उभे राहून नाना मला म्हणाले, "तिले इचारा, त्यानी मायले कळनं व्हतं का?"

त्याच्या आईला कळलं होतं का, मी विचारलं. ती म्हणाली, "आजीने शेवटपर्यंत घर बदललं नाही. तो आला तर पत्ता चुकेल, म्हणायची."

मी ते नानांना सांगितलं. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

खोदाईआधी आम्ही ट्रायल पिट घेतो, म्हणजे खाली काय आहे ते बघायला एक लहान खड्डा. आता त्याच्याही आधी मी शेतमालकाला विचारतो. चहा घ्यावा लागतो, वेळ जातो. तो वेळ मी शेड्यूलमध्ये धरतो.