भरताचा दांडा

पडदा वर जातो तो यावलच्या बस स्टँडमागच्या पत्र्याच्या शेडवर. डाव्या अंगाला लेथ, उजव्या अंगाला लाकडांची चळत आणि मधोमध स्टुलावर कौतिकआबा. डोक्यावर पांढरी टोपी, कानामागे पेन्सिल. मोटर सुरू होते, ठोकळा गरगरतो, पटाशी टेकली की लाकडाची लांब साल सुटून आबांच्या मांडीवर येऊन पडते. हिवाळ्यातला शनिवार, सकाळची कोवळी उन्हं. एवढ्या देखण्या सकाळी आबांवर काय प्रसंग ओढवणार होता, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आबा अस्सल कातारी. पन्नास वर्षं त्यांनी पाळण्यांचे दांडे कातले, बाजेचे पाय कातले. पुढं दुकानांत तयार माल आला आणि गिऱ्हाईक पातळ झालं. पण हात स्वस्थ बसेनात. मग कुणाचं लग्न असो, कुणाची वास्तुशांत, आबा पाकीट देईनासे झाले. लाटणं द्यायचे, ताकाची रवी द्यायचे. पॉलिशचा थेंब लावायचे नाहीत, फक्त शेंगदाण्याचं तेल जिरवायचे. "खायच्या वस्तूले पॉलिश? पोटाले काय आरसा दाखवायचा हाये?" असं वर विचारायचे.

आणि आबांचं नाक! त्याची कीर्ती पार चोपड्यापर्यंत. लोक तुकडे घेऊन यायचे. "आबा, सुतार म्हणतो सागवान हाये." आबा पटाशीनं जरासं सोलत, ढलपी नाकाशी नेत, डोळे मिटत, आणि मग निकाल. त्या निकालावर अपील नसे.

ते नाक कोरोनानं नेलं. ताप उतरला, ताकद परतली, वास मात्र आला नाही. चार वर्षं झाली. आबांनी हे कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही, बायकोला, बेबाबाईलाही नाही. अजूनही ते ढलपी नाकाशी नेत, डोळे मिटत. पण तो नुसता अभिनय. निकाल द्यायचे ते रंग, रेषा आणि वजन पाहून. निभत होतं.

त्या शनिवारी लेथचा पट्टा घसरला. पट्ट्याला दोन्ही हात लागणार, म्हणून आबांनी पायाजवळची एक ढलपी उचलून दातांत धरली, पट्ट्याखाली सारायला. आणि तोंड कडू झालं. साधंसुधं नाही, पाडव्याच्या सकाळचा पाला चावल्यासारखं कडू.

आबांनी ढलपी काढून पाहिली. लालसर गाभा. कोपऱ्यातल्या ओंडक्याची. तो त्यांनी बाभूळ समजून घेतला होता आणि निघाला होता कडुनिंब. रंग फसवा, वजनही जवळपास सारखं. नाक शाबूत असतं तर पहिल्याच घावाला कळलं असतं.

आबांनी मोटर बंद केली. त्याच ओंडक्यातून त्यांनी लेकीसाठी, सारिकासाठी, भरताचा दांडा कातला होता. पंधरा दिवसांपूर्वी दोंडाईच्याला तिच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला, चार माणसांत, मिरवून दिला होता. आणि उद्या, रविवारी, तिथंच भरताची पार्टी होती. चाळीस माणसं. भाजलेली वांगी बडगीत, म्हणजे त्या लांबट लाकडी परातीत घालून आबांच्याच दांड्यानं ठेचणार. चाळीस तोंडं कडू होणार, सासरी लेकीची मान खाली जाणार आणि पन्नास वर्षांचं नाव एका पंगतीत मातीला मिळणार.

फोन करावा? पण मग कारण सांगावं लागलं असतं.

आबांनी दुपारभर खपून दुसरा दांडा कातला. या खेपेला लाकूड आधी चावून पाहिलं. तुरट लागलं. बाभूळच. रविवारी पहाटेची बस धरून भुसावळ गाठलं आणि तिथून गाडीनं दोंडाईचा.

ते अंगणात शिरले तेव्हा कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून झाली होती. सारिकाची सासू ताईबाई बडगीपुढं बसून दणादण ठेचत होती. हातात आबांचाच दांडा. बडगी निम्मी भरलेली.

"या आबा, बठा! संगे कोनी नही? बेबाअक्का कुठे शे?"

"तिचे गुडघे दुखतात. ईहीनबाई, थांबा जरा. तो दांडा... त्याले चीर गेली हाये. मी दुसरा आनला."

ताईबाईनं दांडा उलटापालटा करून पाहिला. "चीर? माले तं नही दिसत. तुमना चष्मा बदला."

तिनं सारिकाला कांद्याची पात आणायला आत धाडलं, तळहातावर चिमूटभर भरीत घेतलं आणि आबांपुढं धरलं. "खाई दखा."

आबांनी जीव मुठीत धरून जिभेवर ठेवलं. वाट पाहिली. मिरची लागली, मीठ लागलं. कडू? कडू काहीच नाही. त्यांनी पुन्हा चाखलं.

"घाबरू नका," ताईबाई हळूच म्हणाली. "पहिला दिन कडू व्हतं. मी वास लिधा आनि समजनू, हाई तं निंब. मंग तीन दिन मिठाना गरम पानीमा ठेवं, दोन दिन ताकमा. आते काही नही."

"सारिकाले..."

"तिले मी सांगी दिधं, वांगं कडू निंघनं. बिचारा वांगावालाले दोन शिव्या पडनात." ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "आबा, तुमना नाकथीन निंब सुटाव नही. नाक कव्हयपाईन बंद शे?"

रंगमंचावर नटाला वाक्य आठवू नये आणि समोरच्यानं त्याची लाज न काढता ते हळूच त्याच्या तोंडात घालावं, तसं ते विचारणं होतं. चार वर्षं गिळलेलं आबांच्या ओठांवर आलं. "कोरोनापासून," ते म्हणाले. "घरीबी मालूम नही."

"मंग मी बी नही सांगाव कोनले. तुमनं तुम्ही दखा."

आबांनी टोपी काढून कपाळ पुसलं. हिवाळ्यात एवढा घाम. पाठीवरून कुणी भरलेलं पोतं उतरवून घ्यावं तसे खांदे सैल पडले.

पंगत बसली. कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत. चाळीस माणसांनी बोटं चाटली. सारिका वाढता वाढता बापाकडं पाहून हसली. पंगतीच्या टोकाला धनसिंग म्हणून जावयाचा शेजारी होता, जरा टवाळ. तो बडगीतला दांडा पुसून घेऊन आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आबा, तुमना नाकनं लई नाव ऐकेल शे. डोळा मिटा, हुंगा आनि सांगा बरं, कोनतं लाकूड?"

माना वळल्या. ताईबाईचा पळीवरचा हात थांबला. आबांनी सवयीनं दांडा नाकाशी नेला, डोळेही मिटले. बाभूळ म्हटलं असतं तरी चालून गेलं असतं. खरं जाणणारी एकच, आणि तिनं शब्द दिला होता.

आबांनी डोळे उघडले आणि दांडा धनसिंगच्या हातात परत ठेवला.

"निंब हाये, भाऊ. पन नाकानं नही सांगत. मले चार वर्सं झाले, वासच येत नही. आता तूच हुंग, आनि लाकूड घ्याले यावलले येत जा माह्याबरोबर."