उजवं पुढचं चाक

हे मी अजून कुणालाही बोललेलो नाही. बायकोला नाही, ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या मिस्त्रींनाही नाही. आता लिहायला बसलो तर दोनदा उठून पाणी पिऊन आलो. शाळा सातवीतच सुटली, लिहायची सवय नाही, हे खरंच — पण अडतंय ते त्यामुळे नाही. तुम्हाला सांगायला सोपं जाईल असं वाटतंय, कारण तुम्ही बबनभाऊंना ओळखत नाही.

मी किनवटकडचा. नारायणगावला आलो तो टोमॅटोच्या बाजारात क्रेट उचलायला. गावाकडची माणसं हंगाम संपल्यावर परत गेली, मी राहिलो. घरी जाऊन करणार काय होतो? तेव्हा निरगुडसरच्या बबनभाऊंनी मला आपल्या पिकअपमध्ये बसवलं आणि वारूळवाडीच्या गॅरेजसमोर उतरवलं. "मिस्त्री, पावणं लई लांबनं आल्यात. हाताला काम तुमी द्या, पोटाचं मी बघतो." आणि खरंच बघितलं. बाजारच्या दर दिवशी त्यांच्या गाडीत काचेखाली माझ्या नावाचं फडकं असायचं — वहिनींनी बांधून दिलेली बाजरीची भाकरी, त्यात कधी ठेचा, कधी वांगं. दोन वर्षं. मी कोण लागत होतो त्यांचा?

ती पिकअप त्यांच्या वडिलांनी घेतलेली. जुन्या बांधणीची, जाड पत्र्याची, आणि चारही चाकांना ड्रमब्रेक. ब्रेक मारायचा म्हणजे सीटवरून अर्धं उठून पाय रोवायला लागायचा. लोक म्हणायचे, पुढे डिस्क बसवून टाका. भाऊ म्हणायचे, "बापानं दिली तशीच ऱ्हाईल. पण थांबली पायजे."

मला गॅरेजमध्ये सात वर्षं झाली होती तेव्हा ते काम आलं. मिस्त्री लग्नाला गावी गेले होते आणि जाताना म्हणाले होते, चारही चाकं तूच कर. मी हुरळलो — अगदी मनापासून केलं, हेही लिहितो, कारण ते खोटं नाही. ड्रम लेथवर घासून आणले. ड्रमला आतून दाबून धरणाऱ्या ब्रेकशूला नवं लायनर लावलं. मिस्त्रींची एक पद्धत होती : ड्रमच्या आतून खडू फिरवायचा, शू बसवून ड्रम हाताने फिरवायचा आणि उघडून बघायचं. जिथं पांढरं लागलं तिथंच लायनर टेकतंय. तेवढं कानशीने घासायचं, पुन्हा खडू, पुन्हा फिरवायचं. सगळा शू पांढरा होईपर्यंत. नवं लायनर आणि जुना ड्रम यांची गाठ पडायला असाच वेळ द्यावा लागतो. मी दोन दिवस दिले. माझ्या भुवयासुद्धा खडूने पांढऱ्या झाल्या होत्या.

मग राहिलं उजवं पुढचं चाक.

ब्रेक ऑइल दाबून शू बाहेर ढकलणारा एक छोटा सिलिंडर असतो, त्यात रबर असतो. चारही चाकांचे रबर नवे आणले होते. शेवटचा बसवताना मी घाई केली, स्क्रूड्रायव्हरने ढकलला आणि त्याची कड फाटली. नखाएवढी. दुसरा मंचरला मिळाला असता. तासाभराचं काम होतं हो! पण भाऊ समोर बाकावर चहा घेत बसले होते, आणि मला "फाटला, माझ्याकडून फाटला" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. जुना रबर पुसला, परत घातला, ड्रम ठोकून बसवला. भाऊंनी विचारलं, "चारी नवं?" मी म्हणालो, "चारी."

आम्ही गाडी फिरवून आणली. नुसता पाय टेकवला तर गाडी जागच्या जागी उभी. भाऊ लहान पोरासारखे हसले. टपरीवर चार लोकांना बोलावून सांगितलं, "आरं, बघा पावण्याचा हात!" पुढच्या आठवड्यात मी तो रबर बदलणारच होतो. मग त्याच्या पुढच्या. असं कितीदा ठरवलं, आता आठवत नाही. त्यांच्यासमोर परत तेच चाक उघडायचं म्हणजे का उघडतोय तेही सांगावं लागलं असतं ना?

इथं तुम्हाला भाऊंबद्दल अजून एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. इकडे उतार लागला की बरेच ड्रायव्हर गाडी न्यूट्रल करून सोडतात. डिझेल वाचतं म्हणून. भाऊंना त्याचा फार राग. टपरीवर पोरांना झापायचे — "गिअर म्हंजी गाडीची वेसण हाय. वेसण सोडून बैल उतरवता का रं?" तीस वर्षं गाडी चालवून कुठं साधा ओरखडा नव्हता, तोंड वापरायचा हक्क त्यांना होता. आणि तोंड वापरत असल्यामुळे त्यांच्या चुकीची वाट बघणारेही बरेच होते.

वहिनींना घेऊन ते घोडेगावच्या पुढे, त्यांच्या माहेरी निघाले होते. सकाळची वेळ. उतारावर समोर म्हशी आल्या. भाऊंनी ब्रेक दाबला. उजवं पुढचं चाक धरलंच नाही, बाकीच्यांनी घट्ट धरलं, आणि स्टिअरिंग हातातून हिसकून गाडी डावीकडे दगडी बांधावर गेली. ती तीन चाकं मी इतकी चांगली केली नसती तर कदाचित एवढी ओढ बसली नसती. हे मला पुष्कळ वेळा सुचतं. याचं काय करायचं ते मात्र सुचत नाही.

वहिनींचा डावा हात कोपरात मोडला. तो अजून सरळ होत नाही. परात धरायची तर मांडीला टेकवून धरतात.

क्रेनवाल्याने मागची चाकं उचलून गाडी गॅरेजला आणली आणि दारात सोडून गेला. मिस्त्री जेवायला गेले होते. मी एकटाच होतो. गाडी आत घेतली आणि आधी उजवं चाक उघडलं. आत सगळं ब्रेक ऑइल, लायनर भिजून काळं पडलेलं. मी दार ओढून घेतलं. लायनर काढलं, नवं लावलं. सिलिंडर धुतला, नवा रबर बसवला — तो तेव्हा माझ्या खणात होता, कितीतरी दिवस होता. ड्रम पेट्रोलने पुसला. मिस्त्री आले तेव्हा मी हात धूत होतो.

संध्याकाळी भाऊ आले. कपाळाला पट्टी. तोवर रस्त्यावर कुणीतरी म्हणालंच होतं की म्हाताऱ्याने न्यूट्रल केली असणार. वहिनीसुद्धा दवाखान्यात म्हणाल्या होत्या, "चार पैशाच्या डिझेलपायी माझा हात घालवला यांनी." भाऊंनी मला बाजूला घेतलं. "पावणं, खरं सांग. ब्रेकात काय व्हतं का?"

मी त्यांना उजव्या चाकापाशी नेलं. ड्रम काढला. आतून बोट फिरवून त्यांच्यासमोर धरलं. कोरडं. "ब्रेक चांगले होते, भाऊ."

त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं. मग म्हणाले, "मंग माजाच हात लागला असंल. गिअर सुटला असंल. मला तर काय आठवंना."

नंतर टपरीवर — "काय भाऊ, वेसण कुठं सुटली?" पहिल्यांदा ते चिडले, मग हसायला लागले, मग टपरीवर येणंच बंद केलं. पिकअप विकली. आता एसटीने येतात.

येतात, कारण माझं आता स्वतःचं गॅरेज आहे आणि त्यांना इथं बसायला आवडतं. गिऱ्हाईक पाठवतात. "ब्रेकचं काम? पावण्याकडं जा, डोळं झाकून." वहिनी अजून भाकरी पाठवतात, आता ती जरा जाड असते, एका हाताने थापलेली. मी खातो. सगळी खातो.

गेल्या मंगळवारी एक नवा ड्रायव्हर पिकअप घेऊन आला होता. भाऊ बाकावरून उठले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उतारावर गिअरच्या दांडीला हात लावू नगं, बाबा. मी लावला आनि बायकूचा हात घालवला. माणसाला आपलाच हात कळत न्हाई." पोरगा मान डोलावत होता. मी चाकाखाली होतो. नट आवळत होतो, आधीच आवळलेला.

एक गोष्ट मी अजून लिहिली नाही. ती लिहितो आणि उठतो.

त्या दिवशी क्रेनवाला गेल्यावर गाडी आत घ्यायला मी खांदा लावला, तर ती हलेना. दार उघडून आत बघितलं. मग माझ्याच हाताने दांडी मधे, न्यूट्रलला आणली, तेव्हा कुठे गाडी ढकलली गेली.

गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती.