ओली खळ

परवा मोर्चाच्या पोस्टरांसाठी लेकीनं कणकेची खळ शिजवली आणि त्या वासासरशी मला निलंग्याकडची आमच्या गावची विहीर दिसली. लातूर जिल्हा नवा झाला होता, पण आमच्या वस्तीनं त्या विहिरीत घागर सोडायची नाही ही रीत जुनीच. दुष्काळातही वरून कुणी ओतलं तरच पाणी. एका दुपारी मी आणि आत्यानं विहिरीच्या कठड्यावर कागद डकवला, 'पाणी सगळ्यांचं'. तेवढ्यात विहिरीचे मालक आले. फाडायला उचललेला त्यांचा हात हवेतच थांबला, कारण खळ ओली होती, आमच्या चुलीवरची. ओलं शिवलं की विटाळ, सुकलं की चालतं, असं ते मानायचे. "काढ ते," मला म्हणाले. "तुमीच काढा की, मालक," आत्या म्हणाली. ते सुकायची वाट बघत उभे राहिले. ऊन रणरणत होतं, कागदाच्या कडा पांढऱ्या पडू लागल्या. आत्यानं खळीच्या डब्यात हात बुडवून कागदावर फिरवला. पुन्हा सुकला, पुन्हा फिरवला. घागरी घेऊन बाया जमल्या, त्यांनी तो वाचून घेतला, तेव्हा कुठं ती थांबली. "आई, खळ लई झाली का गं?" लेकीनं विचारलं. "असू दे," मी म्हणाले, "सुकाय लागली की परत लावावी लागती."