शुक्रवारची डाळभाजी

सून चुक्याची पानं निवडत होती. त्या आंबट, हिरव्या वासासरशी मी सिंदी मेघेतल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत जाऊन बसले.

मी लहान होते. देवीचा सिनेमा लागला होता आणि बायका चपला बाहेर काढून, पडद्याला हात जोडून आत बसल्या होत्या. धाकटा भाऊ तापाने फणफणला होता. त्याच्यासाठी आईने देवीचे शुक्रवार धरले होते. त्या दिवशी घरात कुणीच आंबट खायचं नाही. त्याला शेजारच्या काकूंकडे झोपवून आम्ही संध्याकाळच्या खेळाला आलो होतो.

देवी कोपली आणि नेमका वारा शिरून कापडी पडदा फुगला. तिचे लाल डोळे अंगावर आले. आईने माझं मनगट आवळलं.

“पोरी, सकाळच्या डाळभाजीत म्या चुका टाकला वं! लिंबू-चिंच टाळली, चुक्याचं ध्यानातच नाई राह्यलं. त्यानंबी दोन घास खाल्ले. चाल, ऊठ!”

आम्ही अनवाणीच पळालो. मागून देवीचा आवाज येत होता. मला वाटलं, तीच मागे येतेय. भाऊ घामाने भिजून निपचित पडला होता. आईने त्याच्या नाकाशी बोट धरलं.

श्वास होता. ताप उतरला होता.

पुढे धर्मग्रंथ हाच माझा अभ्यास झाला. हे व्रत मला एकाही पुराणात सापडलं नाही, ते पडद्यावरून घरोघरी पोचलं, असं मी भाषणांत ठासून सांगते.

“आई, डाळभाजीत चुका घालू ना?” सुनेने विचारलं.

“थांब,” मी म्हटलं. “आज वार कोणता?”