बकऱ्यांनी हलवलेल्या खुंट्या

हे लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. स्टुटगार्टमधल्या मराठी मंडळींत कुणी विचारलं, "तुमच्याबरोबर आलेले अनंतराव कसे गेले हो?" तर "डोंगर कोसळला" एवढंच सांगत आलो. ते खरं आहे, पण पुरं नाही.

जर्मनीला निघताना कऱ्हाडच्या स्टँडवर अनंताच्या आईने, काकूंनी, आम्हा दोघांच्या हातावर दही घातलं. "एकमेकांना धरून राहा रे," म्हणाल्या.

ज्वालामुखींचे उतार का ढासळतात, हा आमचा विषय. त्यासाठी उद्रेक लागतोच असं नाही. आतल्या गरम, आम्लयुक्त वाफा दगड कुजवून त्याची माती करतात. वरून हिरवागार दिसणारा डोंगर मग नुसत्या पावसानेही सुटतो आणि दगडमातीचा लोंढा मैलोन्‌मैल धावतो. आम्ही काम करायचो त्या दूरच्या बेटावर पायथ्याच्या शेतांतल्या टेकड्या म्हणजे पूर्वी कोसळलेल्या डोंगराचेच तुकडे. त्यांच्यावरच वस्ती होती.

वर उताराला पडलेल्या एका भेगेच्या दोन्ही काठांना आम्ही खुंट्या ठोकून अंतर मोजायचो. एका सकाळी ते एकदम वाढलेलं निघालं. मला त्याच दिवशी जर्मनीला परतायचं होतं. आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, व्हिसा वाढवायचा टेर्मिन होता; ती ठरलेली वेळ चुकवता येत नव्हती.

"बकऱ्यांनी हलवल्या असतील," मी म्हणालो.

"सगळ्या? एकाच दिशेने? कवायत करतात का रे तुझ्या बकऱ्या?" अनंता हसला, मग गंभीर झाला. "खाली वस्तीत सांगू या. आपला इथला तळही हलवू."

"उगाच घाबरवू नकोस लोकांना. मी आल्यावर पुन्हा मोजू."

गटप्रमुख मी होतो. ते माप मी नोंदींतून गाळलं.

मी गेल्यावर पाऊस लागला. अनंताने माझं न ऐकता वस्ती हलवली. तळ मात्र माझ्या शब्दाखातर तिथेच होता. यंत्रं आणायला तो परत वर गेला, तेव्हा उतार सुटला. वस्तीतली माणसं वाचली.

"कुणालाच कल्पना नव्हती," मी काकूंना सांगितलं. त्यांनी माझ्याच डोक्यावरून हात फिरवला. "तू तरी राहिलास," म्हणाल्या आणि पिठलं-भाकरी वाढली. मी जेवलो.

आता मी रेंटेवर, म्हणजे पेन्शनवर आहे. नातवंडांना मराठी समजतं, उत्तर ती जर्मनमध्ये देतात. घर कुठलं विचारलं तर स्टुटगार्ट म्हणतात. माझं घर अजून काकूंच्या ओट्यावर अडकलंय. दर भारतभेटीत तिथे बसलो, चहा प्यालो, उठलो. काकू गेल्या, आणि वाक्य माझ्याकडेच राहिलं: काकू, अनंताने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. मला माफ करा.